धाकटा काही बोलत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांनी सांगितलं, ओरडणं बंद करा आणि जे ओरडायचं ते वहीत लिहा, रक्तदाब उतरेल. ठीक आहे, लिहितो. नाहीतरी घरात ऐकतंय कोण.

आज डॉलर पुन्हा उतरला. म्हणजे आपलं चलन चढलं. वर्तमानपत्रात पहिल्याच पानावर ‘चलनाची दमदार झेप’ असा मथळा आहे. ही झेप माझ्या अंगावर पडली, हे कोणी छापत नाही. मी चामड्याचे हातमोजे बनवतो, बागकाम करणाऱ्यांचे आणि वेल्डिंगवाल्यांचे. सगळा माल परदेशी जातो. गिऱ्हाईक डॉलर पाठवतं, बँक ते आपल्या चलनात बदलून देते आणि त्यातून पगार होतात. डॉलर येतात तेवढेच, बदलले की हातात कमी पडतात. तेच कातडं, तीच शिलाई, तोच मी, आणि दर महिन्याला आणखी थोडा गरीब. गिऱ्हाइकाला लिहिलं, जोडीमागे जरा भाव वाढवा. त्याने उलट टपाली दुसऱ्याच देशातल्या कारखान्याचा भाव कळवला. माझ्यापेक्षा कमी.

बायकोला हे सगळं बैजवार समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या बाहेरून येतात ना? त्या स्वस्त झाल्यात.” घरचा आहेर म्हणतात तो हाच.

९ फेब्रुवारी, रविवार

धाकटा जेवायला आला होता. माझा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, दर रविवारी दुपारी आमच्याकडेच असतो. अर्थखात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. आई होती तोवर घरी येईल त्याला सांगायची, देशाची तिजोरी आमच्या धाकट्याच्या हातात आहे. वाढवून सांगायची, पण फार नाही.

जेवताना मी सरळच विचारलं, सरकार डॉलर असाच पडू देणार आहे का. तो ताटाकडे बघत म्हणाला, “दादा, त्यावर मी काय बोलणार?”

बरोबर आहे. या लोकांना गोपनीयतेची शपथ असते. सख्ख्या भावालाही सांगत नाही म्हणून अभिमान वाटला, आणि सख्ख्या भावालाही सांगत नाही म्हणून रागही आला. निघताना चपला घालता घालता एवढंच म्हणाला, की बँकेत पुढच्या तीन महिन्यांचा दर आजच बांधून घेता येतो, तेवढं करून टाक. म्हणजे डॉलर नंतर कुठेही जावो, मला ठरल्या दराने पैसे मिळतील. हे तर वर्तमानपत्रातले सल्लागारही सांगतात. उद्या डॉलर चढणार असेल तर आजच्या पडक्या दराला स्वतःला कोण बांधून घेईल? त्याने मुद्दाम वरवरचं सांगितलं. याचा अर्थ खरं काहीतरी पोटात आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

निर्यातदार संघाचं शिष्टमंडळ आज अर्थमंत्र्यांना भेटलं. मीही होतो. आमचे अध्यक्ष लाकडी फर्निचर बाहेर पाठवतात आणि लाकडासारखंच बोलतात. त्यांनी लिहून आणलेलं भाषण वाचायला घेतलं. अर्ध्यावर मंत्र्यांनी हात वर केला.

ते म्हणाले, चलन बळकट म्हणजे देश बळकट. तेल स्वस्त येतंय, धान्याचे भाव धरून आहेत. मग जरा पुढे झुकून म्हणाले, “महागाई कमी केली तर लोक मला निवडून देतात. तुमच्या मोज्यांसाठी मला कोणी पाडणार नाही.” माणूस खरं बोलला याचंच जास्त वाईट वाटलं. परवा परदेशात हॉटेलवाला आपल्या नोटेकडे किती आदराने बघत होता, तेही त्यांनी सांगितलं. मी भेट म्हणून वेल्डिंगचे मोजे नेले होते. त्यांनी एक मोजा चढवला, त्याच हाताने माझा हात धरून फोटो काढून घेतला, आणि उत्पादकता वाढवा म्हणाले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. बाहेर वाट बघत बसलो होतो तेव्हा धाकटा समोरून आला. बरोबर दोन माणसं होती, एकाच्या खांद्यावर शिडी. मला पाहिलं मात्र, आणि तो चटकन बाजूच्या दारातून आत गेला. ओळखसुद्धा दाखवली नाही. आधी चरकलो, मग लक्षात आलं. मंत्र्यांच्या दाराशी भावाशी बोलताना कोणी पाहिलं तर काय अर्थ काढतील? केवढी सावधगिरी! अध्यक्षांच्या कानात सांगितलं, तो माझा भाऊ. परतताना त्यांनी मला गाडीत पुढे बसवलं.

२ मार्च, रविवार

डॉलर आणखी खाली. धाकटा आज दोनदा भात घेऊन जेवला. गेल्या महिन्यात चिमणीसारखं खात होता. चेहराही निवळलेला. मी सहज म्हटलं, हल्ली उशिरापर्यंत थांबावं लागत असेल. म्हणाला, “छे, साडेपाचला घरी असतो.”

मी चमचा खाली ठेवला. सगळा देश चलनावरून तापलाय आणि अर्थखात्यातला माणूस साडेपाचला घरी. म्हणजे निर्णय झालेला आहे. आता फक्त जाहीर करायचं बाकी. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, इथे तर अक्षरशः भातच होता.

बायको म्हणाली, “भूक लागली असेल हो त्याला.” बायकांना राजकारण कळत नाही.

आलेले डॉलर बँकेत डॉलर म्हणूनच पडू द्यायचे ठरवलं. सरकारने पाऊल उचललं की डॉलर चढेल, तेव्हा बदलून घेईन. तोवर पगार कर्ज काढून. हिशेबनिसाने तोंड उघडलं, मी हातानेच थांबवलं.

६ मार्च, गुरुवार

अध्यक्ष कारखान्यात आले होते. आजवर कधी आले नव्हते. त्यांना सगळं फिरून दाखवलं. कातडं कापायचं टेबल, मोजे उलटे शिवतात ती शिलाईची खोली, मग काठीने एकेक बोट सुलटं करायची बाकडी, आणि शेवटी तापवलेले लोखंडी पंजे, ज्यांच्यावर मोजा चढवून इस्त्री करतात. पंजे ओळीने वर बोटं करून उभे असतात. अध्यक्ष म्हणाले, सगळे एकमताने मतदान करतायत जणू. विनोदावर मी हसलो, कारण ते पाहुणे होते.

चहा झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला. भाऊसाहेब काय म्हणतात? मी म्हटलं, तो काही बोलत नाही. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, “पण त्याने सूचित केलंय.”

त्यात खोटं काय आहे? दोनदा भात घेणं म्हणजे एक प्रकारे सूचित करणंच.

२४ मार्च, सोमवार

अजून काही नाही. डॉलर रोज खाली. संघातल्या बऱ्याच जणांनी माझ्यासारखेच डॉलर धरून ठेवलेत. परवा दोघे भेटले आणि हळूच म्हणाले, तुमच्या शब्दावर बसलोय. माझ्या शब्दावर का? मी कोणाला बसायला सांगितलं?

शिलाईच्या बाई सगळ्यांच्या वतीने विचारायला आल्या. दुसरीकडे काम बघायचं का, तेवढं स्पष्ट सांगा म्हणाल्या. वीस वर्षं आमच्याकडे आहेत. मी सांगितलं, एप्रिलच्या मध्यापर्यंत धीर धरा. त्यानंतरही असंच राहिलं तर अर्धी शिलाई बंद करावी लागेल.

शेवटी न राहवून धाकट्याला कचेरीत फोन लावला. ऑपरेटरला चलन विभागात त्याचं नावच सापडेना. एवढं गुप्त! तीन ठिकाणी फिरवून एकदाचा जोडून दिला. मागे जोरात ठोकाठोक चालली होती. मी विचारलं, दादासाठी एकच शब्द, हो की नाही. तो म्हणाला, “दादा, संध्याकाळी बोलू का? इथे माणसं खोळंबलीत.” आणि संध्याकाळी त्याने फोन केलाच नाही. राग आला. मग वाटलं, ‘नाही’ असतं तर तो तिथेच नाही म्हणाला असता.

८ एप्रिल, मंगळवार

झालं! सकाळीच जाहीर झालं. मध्यवर्ती बँक बाजारातून डॉलर विकत घेणार, आणि बाहेरून झटपट येऊन झटपट जाणाऱ्या पैशावर सरकार कर बसवणार. दुपारपर्यंत आपलं चलन घसरलं, माझा डॉलर चढला. धरून ठेवलेले सगळे बदलून घेतले. कर्ज फेडून वर उरलं. शिलाईच्या बाईंना बोलावून सांगितलं, कोणी कुठे जायचं नाही. त्या मान हलवून परत मशिनवर गेल्या. दोन शब्द तरी बोलायचे होते.

अध्यक्षांचा फोन. आवाज भरून आला होता. भाऊसाहेबांचे उपकार म्हणाले. मी म्हटलं, छे छे. पण नको तितक्या हळू म्हटलं.

इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

१४ एप्रिल, सोमवार

वर्तमानपत्रात आलंय. ‘निर्यातदारांना आधीच कसं कळलं?’ आमच्या संघातल्या लोकांनी महिनाभर डॉलर बदलले नाहीत आणि घोषणा होताच त्याच दिवशी बदलले, असं बँकांच्या आकड्यांवरून दिसतं म्हणे. एका हातमोजे कारखानदाराचा भाऊ अर्थखात्यात असल्याची चर्चा आहे. चर्चा! माझ्या दारावर फलक लावायचा तेवढा राहिला.

धाकट्याला आजपासून घरी बसवलं. चौकशी लागली आहे. मी फोन केला, त्याने उचलला नाही.

बायको सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. एकदाच म्हणाली, “तो तुम्हाला काही बोलला होता का?” मी म्हटलं, नाही. “मग तुम्ही लोकांना काय सांगत होतात?”

२५ एप्रिल, शुक्रवार

आज माझी साक्ष होती. खोलीत एक लांब टेबल, पंखा कुरकुरत होता, चौकशी अधिकारी एक बाई, माझ्याहून वयाने लहान. त्यांनी विचारलं, भावाने तुम्हाला काय सांगितलं?

काहीच नाही, असं मी सांगितलं. छातीवर हात ठेवून सांगितलं. त्यांनी समोरचा कागद उचलला. संघातल्या अकरा जणांनी जबाब दिला होता की मी म्हणालो, धाकट्याने सूचित केलंय. मी म्हणालो होतो एकट्या अध्यक्षांना, पण अकराही जणांना माझे शब्द जसेच्या तसे पाठ.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सांगितलं. साडेपाचला घरी येत होता, म्हणून. मंत्रालयात ओळख दाखवली नाही, म्हणून. फोनवर नाही म्हणाला नाही, म्हणून. आणि भात. भाताचं बोलताना माझा आवाज मलाच ऐकवेना. बाईंनी पेन खाली ठेवलं. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं. एवढा कारखाना चालवणारा माणूस इतका मूर्ख असेल यावर कोणाचाच विश्वास बसत नाही, आणि मी आज तेच सिद्ध करायला आलो होतो.

मग त्यांनी विचारलं, “तुमचे भाऊ आमच्याकडे काय काम करतात, माहीत आहे तुम्हाला?”

“चलनाचं,” मी म्हटलं.

बाईंनी कागद बाजूला सारला. मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “ते इमारत विभागात आहेत. नळ, लिफ्ट, रंगकाम, पडदे. गेली सहा वर्षं. चलनाचा एक कागदही त्यांच्या मजल्यावर जात नाही. म्हणूनच ही चौकशी इथेच संपते.”

बाहेर येऊन पायरीवर बसलो. त्याची नोकरी वाचली. मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या. वाटलं मात्र असं, की भर रस्त्यात कोणाच्या तरी अंगावरचं पांघरूण मी ओढून काढलंय.

३० एप्रिल, बुधवार

निकाल छापून आला. ‘सदर कर्मचाऱ्याचा कोणत्याही महत्त्वाच्या माहितीशी संबंध नव्हता.’ खाली त्याचं पद, विभाग, सगळं. सगळ्या नातेवाइकांनी वाचलं. आत्याचा फोन आला, हे आपलेच का म्हणून. मी हो म्हटलं आणि ठेवून दिला.

निर्दोष सुटला म्हणजे काय, तर तो कोणी नाही असं सरकारने शिक्का मारून सांगितलं. आणि तो शिक्का मी मारवून घेतला.

४ मे, रविवार

आला नाही.

११ मे, रविवार

आला नाही. बायकोने त्याचं पान वाढून ठेवलं होतं. दोन वाजता न बोलता उचललं.

डॉलर परत उतरायला लागलाय. सरकार तरी किती डॉलर विकत घेणार? तिकडे पेट्रोल महागलं म्हणून लोक रस्त्यावर आलेत. मंत्र्यांनी काल सांगितलं, चलनाची ताकद हीच देशाची ताकद. इतका आटापिटा करून गाडी होती तिथेच. पूर्वी हे वाचलं असतं तर वर्तमानपत्र फेकलं असतं. आज नुसतं घडी करून ठेवलं.

१८ मे, रविवार

आज आला.

जेवणं झाली. बायको मुद्दाम आत गेली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हात केला, राहू दे म्हणून. मग स्वतःच बोलला. सहा वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांशी एका अहवालावरून भांडण झालं. त्यांना आकडे बदलून हवे होते, याने दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर टेबल.

मी म्हटलं, “मला सांगायचंस तरी.”

“कधी सांगणार, दादा? तू मला विचारायचास तेव्हा उत्तर ठरवूनच विचारायचास. मी नाही म्हटलं तरी तुला हो ऐकू यायचं.”

त्या दिवशी मंत्र्यांच्या दाराशी तू मला पाहून पळालास, मी म्हटलं. तो म्हणाला, “शिडी होती ना बरोबर. लाज वाटली.”

तेवढ्यात फोन वाजला. अध्यक्ष. डॉलर पुन्हा पडतोय, आम्ही धरून ठेवायचे की बदलायचे, भाऊसाहेब काय म्हणतात? मी म्हटलं, अहो, निकाल वाचलात ना? ते म्हणाले, वाचला, दाखवायला तसं लिहावंच लागतं. माझं डोकं सणकलं. वहीतलं सगळं ओरडणं घशाशी आलं. धाकट्याला आवाज ऐकू येत होता. त्याने माझ्या हातातून फोन घेतला.

“अध्यक्षसाहेब, मी त्याचा भाऊ. मी नळ दुरुस्त करून घेतो. गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरची टाकी बदलली. डॉलरचं मला तुमच्याइतकंच कळतं.”

पलीकडून अध्यक्ष एकदम हलक्या आवाजात म्हणाले, “समजलो. समजलो. फोनवर नको.” आणि ठेवून दिला.

धाकटा हातातल्या फोनकडे बघत राहिला, मग हसायला लागला. मीही हसलो. चार महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता त्याचे डोळे भरले.

“आईपण असंच म्हणाली होती,” तो म्हणाला. “टेबल खाली गेलं त्याच आठवड्यात तिला सांगायला आलो होतो. म्हटलं, आई, माझं काम बदललंय. तर माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, नको सांगूस बाळा, तुमच्या कामाचं बाहेर फुटायला नको.”

आईला खोडून काढता येत नाही, आणि तिच्यानंतर ते काम मी चालू ठेवलं.

मग मी त्याला विचारलं. खरंच विचारलं. सकाळी गेल्यापासून तू काय काय करतोस रे? तो आधी टाळत होता, मग बोलायला लागला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते आणि आत नेमके मंत्री असतात. जुन्या नळांचे वायसर आता कुठेच मिळत नाहीत, तो ते स्वतः कापून घेतो. मी विचारलं, कशाचे कापतोस? म्हणाला, रबराचे, पण लवकर जातात. मी सांगितलं, आमच्याकडे जाड कातड्याचे तुकडे पडून असतात, ते लावून बघ. पुढच्या रविवारसाठी काढून ठेव म्हणाला.